भागीदार गेला, पेढी राहिली का?

सांगलीच्या मार्केट यार्डात तिघांची हळदीची पेढी आहे असं समजा. थोरले बंधू चाळीस टक्के, धाकटे पस्तीस, चुलतभाऊ पंचवीस. १४ नोव्हेंबर २०२५ ला थोरले गेले. दिवसकार्य उरकतं न उरकतं तोच बँकेचा फोन येतो, आणि मग धाकटे बंधू सी.ए.कडे जातात. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, ‘दादांचे पेढीतले पैसे वहिनींना दिले तर टॅक्स लागेल का?’

प्रश्न रास्त आहे, पण त्याची पाळी नंतरची. आधी कपाटातलं भागीदारीचं डीड काढा आणि मृत्यूबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा. पेढीने एक रिटर्न भरायचं की दोन, माल कोणत्या भावाने धरायचा, जुना तोटा उरतो की बुडतो, जीएसटीचा नंबर चालतो की नवा घ्यावा लागतो, हे सगळं त्या एका कलमावर ठरतं. वह्या त्यानंतर उघडायच्या.

कारण असं. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा. त्याचं कलम ४२ म्हणतं की भागीदारांत वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. कोणी अर्ज करावा लागत नाही, कोणाचा हुकूम लागत नाही. १४ नोव्हेंबरला दादा गेले त्याच दिवशी पेढीही संपली, आणि १५ तारखेला दुकान उघडून सौदे करणारे दोघे कायद्याच्या दृष्टीने वेगळीच पेढी चालवत होते. डीडमध्ये ‘कोणा भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होणार नाही, उरलेले भागीदार ती चालू ठेवतील’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर मात्र पेढी तीच राहते, फक्त तिची घडण बदलते.

हे वाक्य नंतर घालता येतं का, असं हमखास विचारलं जातं. नाही. करार तिघांमधला हवा, आणि तिसऱ्याची सही आता मिळणार नाही. जुन्या तारखेचा स्टँप पेपर मिळवून देणारे भेटतात, पण मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत आणि पेढीने आधी बँकेला, जीएसटीला दिलेल्या डीडच्या प्रतींत खरी तारीख आणि खरा मजकूर बसलेला असतो. कर वाचवायला जाऊन फौजदारी ओढवून घेऊ नका.

पुढे जी कलमं येतील ती आयकर कायदा १९६१ ची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, ‘आकारणी वर्षा’च्या जागी ‘कर वर्ष’ आलं. पण ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचा हिशेब जुन्याच कायद्याने होतो, म्हणून आपल्या उदाहरणाला जुनेच आकडे धरू. त्यानंतरच्या घटनांसाठी नव्या कायद्यातलं समांतर कलम सल्लागाराकडून तपासून घ्या.

कलम असेल तर

डीडमध्ये पेढी चालू ठेवण्याचं कलम आहे असं आधी धरू, कारण ती वाट सोपी आहे. आयकर कायद्याचं कलम १८७ याला ‘घडणीतला बदल’ म्हणतं. पॅन तोच, टॅन तोच, आणि एप्रिल ते मार्च अशा पूर्ण वर्षाचं एकच रिटर्न. पेढीचा कर सरसकट ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के, उत्पन्न एक कोटीच्या पुढे गेलं तर अधिभार वेगळा. रिटर्नमध्ये भागीदारांच्या यादीत दादांचं नाव येईल, पण १४ नोव्हेंबरपर्यंतच. नफा दोन तुकड्यांत वाटायचा, त्या तारखेपर्यंत तिघांत आणि पुढे नव्या प्रमाणात. म्हणून मृत्यूच्या तारखेचा ताळेबंद काढणं हे इथलं खरं काम आहे. ‘वर्षअखेरीला दिवसांच्या हिशेबाने वाटून टाकू’ म्हणणारे खूप असतात. हळदीसारख्या धंद्यात, जिथे आवक आणि भाव हंगामावर चालतात, तिथे असं वाटप वारसांवर अन्याय करू शकतं आणि पुढे भांडणाला निमित्त देतं.

नवं डीड लवकर करा. कलम १८४ प्रमाणे घडण बदलली त्या वर्षीच्या रिटर्नसोबत सुधारित डीडची प्रमाणित प्रत द्यावी लागते. पण घाईचं खरं कारण कलम ४० (बी) मध्ये आहे. भागीदारांचं वेतन आणि व्याज पेढीच्या उत्पन्नातून वजा होतं ते डीडने मंजूर केलं असेल तरच, आणि डीडच्या तारखेआधीच्या काळासाठी त्या डीडच्या आधारे ते घेता येत नाही. वहिनी किंवा दादांचा मुलगा आत येणार असेल आणि डीड मार्चमध्ये झालं, तर नोव्हेंबरपासूनचं त्यांचं वेतन पेढीच्या हिशेबात धरलं जाणार नाही. शिवाय वेतन फक्त प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदाराला. वहिनी पेढीवर येत नाहीत, नुसतं नाव लावलंय, आणि तरी महिना पन्नास हजार दाखवलेत, तर ती वजावट टिकत नाही. त्यांना भांडवलावर व्याज जरूर द्या. मर्यादा आहे वार्षिक साध्या व्याजाची, १२ टक्के. वेतनाची मर्यादा आकारणी वर्ष २०२५-२६ पासून वाढली आहे. पुस्तकी नफ्याच्या पहिल्या ६ लाखांवर ३ लाख किंवा ९० टक्के यांतलं जे जास्त ते, आणि उरलेल्या नफ्यावर ६० टक्के. जुन्या डीडमध्ये जुने आकडे लिहिलेले असतील तर नवं डीड करताना तेही सुधारून घ्या. नाहीतर कायदा देतो पण डीड अडवतं अशी गत होते.

तोटा असलेल्या पेढीला कलम ७८ चा फटका बसतो. मागून ओढत आणलेल्या तोट्यातला मृत भागीदाराच्या हिश्श्याचा भाग पेढीला पुढे नेता येत नाही. त्या वर्षीच्या नफ्यातला त्याचा हिस्सा असेल तेवढी सूट तिथे मिळते. समजा मागचा तोटा २० लाख आहे. दादांचा हिस्सा चाळीस टक्के, म्हणजे ८ लाख. यंदाच्या नफ्यातला त्यांचा वाटा ३ लाख असेल तर ५ लाखांचा तोटा बुडाला. पेढी तीच, पॅन तोच, आणि सॉफ्टवेअर पूर्ण २० लाख आपणहून पुढे ओढतं, त्यामुळे ही चूक फार घडते. ती लक्षात येते तेव्हा नोटीस हातात असते.

कलम नसेल तर

पेढी विसर्जित झाली आणि उरलेल्या दोघांनी धंदा चालू ठेवला, तर त्या दोघांची पेढी नवी. कलम १८७ ला एक परंतुक आहे. मृत्यूमुळे पेढी विसर्जित होत असेल तर तो ‘घडणीतला बदल’ मानायचा नाही. १९८४ च्या दुरुस्तीने ते आलं आणि १ एप्रिल १९७५ पासून लागू झालं. त्याआधी एक आकारणी की दोन, यावर उच्च न्यायालयांत बरीच वर्षं मतभेद होते. आज स्थिती स्पष्ट आहे. १ एप्रिल ते १४ नोव्हेंबर जुन्या पेढीचं रिटर्न, पुढचं नव्या पेढीचं, तिच्या स्वतःच्या पॅनवर. जुन्या पॅनवर कापलेला टीडीएस जुन्या पेढीला मिळणार, म्हणून ग्राहकांना आणि बँकेला नवा पॅन लगेच कळवा. घसारा दोन्ही पेढ्यांना पूर्ण मिळत नाही. एका वर्षाचा घसारा दिवसांच्या प्रमाणात दोघींत वाटला जातो. जुन्या पेढीचा तोटा जुन्या पेढीबरोबरच संपतो.

सगळ्यांत महाग पडू शकतो तो साठा. इथे थोडं थांबतो, कारण या एका मुद्द्यावर कायद्याने तीस वर्षांत दोनदा कूस बदलली आहे.

रोजच्या हिशेबात आपण शिल्लक माल खरेदीच्या किंवा बाजारच्या, यांतल्या कमी भावाने धरतो. पेढी विसर्जित झाली तर काय? १९९१ मध्ये ए.एल.ए. फर्म खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेढी विसर्जित होऊन धंदाही बंद झाला तर माल बाजारभावाने धरा. मग प्रश्न आला, भागीदार वारला, पेढी कायद्याने संपली, पण दुकान एक दिवसही बंद राहिलं नाही, तर? २००१ मध्ये शक्ती ट्रेडिंग कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने व्यापाऱ्याच्या बाजूने उत्तर दिलं. धंदा अखंड चालू आहे ना, मग नेहमीचीच पद्धत, कमी असेल तो भाव. पुढे केंद्र सरकारने उत्पन्न मोजण्याची मानकं काढली. त्यांतलं साठ्याच्या मूल्यांकनाचं दुसरं मानक सांगतं की पेढी विसर्जित झाली की, धंदा बंद होवो वा न होवो, त्या दिवशीचा साठा निव्वळ विक्रीमूल्याने धरायचा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते रद्द ठरवलं. लगेच २०१८ च्या वित्त कायद्याने कलम १४५ ए बदलून, तेही पूर्वलक्षी, त्या मानकाला कायद्याचा आधार दिला. तेव्हा २००१ च्या निकालावर विसंबून आजचा हिशेब करू नका. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या सल्ल्यांत तो अजून ठाण मांडून आहे.

आकड्यात सांगायचं तर गोडाऊनमध्ये ४० लाखांना घेतलेली हळद आहे आणि १४ नोव्हेंबरला तिचं निव्वळ विक्रीमूल्य ५५ लाख आहे. एक पोतंही विकलं नाही, तरी जुन्या पेढीच्या उत्पन्नात १५ लाख वाढले आणि कर झाला ४,६८,००० रुपये. नव्या पेढीने तोच माल ५५ लाखांनी खरेदीत धरला तर पुढे तिचा नफा तेवढा कमी होतो. म्हणजे हा कर सगळाच बुडीत नाही, पण तो आत्ता भरावा लागतो, घरात मृत्यू झालेला असताना, आणि बँकेने खातं थांबवलेलं असताना. त्यात भाव पुढे पडला तर नव्या पेढीला तोटा आणि जुन्या पेढीने कर भरलेला, अशी उलटी तऱ्हा. डीडमधलं ते एक वाक्य असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

साठ्याची मोजदाद मात्र त्याच दिवसाची हवी. मृत्यूच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोती मोजायला सांगणं मलाही जड जातं. पण त्या आठवड्यात झालेली मोजणी आणि त्या दिवशीच्या बाजार समितीतल्या सौद्यांच्या भावाचा कागद यांना वर्षभराने केलेल्या अंदाजाची सर येत नाही.

दोनच भागीदार असतील तर

आपल्याकडे नवरा-बायको, बाप-लेक, दोन भाऊ अशा दोघांच्या पेढ्या उदंड. त्यांच्या डीडमध्येही ‘मृत्यूने पेढी विसर्जित होणार नाही’ हे वाक्य असतं, कारण मसुदा कुठल्यातरी तिघांच्या डीडवरून उतरवलेला असतो. ते वाक्य इथे निरुपयोगी आहे. भागीदारीला किमान दोन माणसं लागतात. एक गेला की उरलेला एकटा कोणाशी भागीदारी करणार? सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आणि २०१० मध्ये पुन्हा तेच सांगितलं. मृताचा वारस त्याच्या जागी येईल असं लिहिलं असलं, तरी वारस आपोआप भागीदार होत नाही. भागीदारी वारसाहक्काने मिळत नाही, ती मान्य करून घ्यावी लागते. वारस आणि उरलेला भागीदार एकत्र आले तर ती नवी पेढी.

म्हणजे वर सांगितलेले साठ्याचे, तोट्याचे, घसाऱ्याचे सगळे परिणाम इथे लागू. उरलेल्याने एकट्याने दुकान चालवलं तर ते त्याचं मालकी दुकान. १५ नोव्हेंबरपासूनचं उत्पन्न त्याच्या स्वतःच्या पॅनवर, त्याच्या व्यक्तिगत टप्प्यांनी करपात्र. जीएसटीची नोंदणी पॅनला बांधलेली असल्याने तीही नवी. जुन्या खात्यात पडून असलेलं क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने नव्या नोंदणीकडे न्यायचं असतं, आणि ते जुनी नोंदणी रद्द होण्याआधी. (पेढी चालू राहिली असेल तर जीएसटीत फक्त भागीदारांतला बदल कळवायचा असतो, १५ दिवसांत.)

दोघांची पेढी असलेल्या वाचकाने हा लेख वाचून एकच काम करायचं ठरवलं तर ते हे असावं, तिसरा भागीदार घ्या. दोन-पाच टक्क्यांचा चालेल, पत्नी, सून, सज्ञान मुलगा, कोणीही. मुलगा अज्ञान असेल तर त्याला पूर्ण भागीदार करता येत नाही. सर्वांच्या संमतीने फक्त नफ्याचे लाभ देता येतात. अज्ञान मुलाला पूर्ण भागीदार करणाऱ्या डीडला आयकराच्या तेव्हाच्या नोंदणीसाठी मान्यता नाही, हे १९६१ मध्ये द्वारकादास खेतान प्रकरणात ठरलं होतं. तेव्हा अज्ञान मुलाला धरून तीन आकडा पुरा करू नका, करार करणारे सज्ञान तीन हवेत.

वारसांचे पैसे

आता धाकट्या बंधूंचा मूळ प्रश्न. दादांच्या भांडवल खात्यातली शिल्लक वहिनींना मिळाली तर ते वहिनींचं उत्पन्न नव्हे. वारसाने किंवा मृत्युपत्राने आलेली मालमत्ता कलम ५६ (२) (एक्स) च्या बाहेर आहे, आणि आपल्याकडे मृत्युकर नाही. इस्टेट ड्युटी १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंना लागत नाही. जुन्या पिढीच्या मनातली तिची भीती मात्र अजून गेलेली नाही. १४ नोव्हेंबरपर्यंतच्या नफ्यातला दादांचा वाटाही करमुक्त, कारण पेढीने त्यावर कर भरलेला असतो. कलम १० (२ए).

कर लागू शकतो तो पेढीला, आणि हेच लोकांना पटत नाही. २०२१ च्या वित्त कायद्याने कलम ४५ (४) नवं लिहिलं आणि ९ बी आणलं. भागीदार बाहेर पडताना त्याला त्याच्या भांडवल खात्यापेक्षा जास्त रोख किंवा मालमत्ता दिली, तर जास्तीची रक्कम पेढीचा भांडवली नफा. भांडवल खातं मोजताना मालमत्तेचं फेरमूल्यांकन करून किंवा स्वतः निर्माण केलेलं गुडविल दाखवून जमा केलेली रक्कम धरायची नाही.

यार्डाजवळ पेढीच्या नावावर जुनी जमीन आहे, वहीत ती जुन्याच किमतीला. दादांच्या खात्यात वर्षाच्या सुरुवातीला ३० लाख. जमीन आणि गुडविल आजच्या भावाने धरून वारसांचा हिशेब ७५ लाखांवर मिटला. गुडविलचा आग्रह वारसांनी धरला तर त्यात त्यांचं चुकत नाही. करारात वेगळं नसेल तर गुडविलमधला हिस्सा मृताच्या वारसांकडे जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली मुंबईच्या एका पेढीच्या दाव्यात सांगितलंय. आता ७५ वजा ३०, म्हणजे ४५ लाख पेढीचा नफा. तो सगळा जमिनीला लागू केला आणि दीर्घ मुदतीचा धरला तर साडेबारा टक्क्यांनी आणि उपकरासह ५,८५,००० रुपये कर.

पण दादांचा १४ नोव्हेंबरपर्यंतचा नफा, वेतन आणि व्याज मिळून ६ लाख त्यांच्या खात्यात आधी जमा करा, कारण ते त्यांचेच आहेत. खातं झालं ३६ लाख, फरक ३९ लाख, कर ५,०७,०००. नुसती नोंद योग्य क्रमाने केल्याने ७८ हजारांचा फरक पडला. मृत्यूच्या तारखेचा ताळेबंद काढा म्हणून मी वर आग्रह धरला तो यासाठीही.

जमीनच वारसांना दिली तर कलम ९ बी म्हणतं की पेढीने ती त्या दिवशीच्या बाजारमूल्याला विकली असं धरा आणि आधी पेढीने त्यावर कर भरा. हळदीची पोती वाटून दिली तरी हेच. विसर्जित होणाऱ्या पेढीलाही हे कलम लागतं. कलम ४५ (४) खाली नफा लागला की तो कोणत्या मालमत्तेला लागू केला याचा तपशील ‘५ सी’ या फॉर्ममध्ये द्यायचा. तो दिला तर पुढे ती जमीन विकताना तेवढी रक्कम पेढीला वजा मिळते. हा फॉर्म राहून गेला की एकाच नफ्यावर दोनदा कर भरण्याची पाळी येऊ शकते.

इथे एक वाद आहे. या कलमांत शब्द आहे भागीदाराला मिळालेली रक्कम. वारस तर भागीदार नाही. मग वारसांना दिलेल्या रकमेला कलम लागतं का? लागत नाही असा युक्तिवाद करता येतो आणि केलाही जातो. उलट बाजूने, वारस मृत भागीदाराच्याच हक्काने घेतात, असं म्हणता येतं. माझा सल्ला सावध आहे. कर लागेल असं धरून वारसांशी बोलणी करा आणि तो कोणी सोसायचा हे तडजोडीच्या कागदावर लिहा. पैसे वहिनींना, कर दिराला, हे अकरा महिन्यांनी कळलं की जेवणाच्या पंगतीही वेगळ्या होतात.

हिशेब मिटेपर्यंत पैसे पेढीतच राहिले, तर त्यावर वारसांना हक्क आहे. करार नसेल तर भागीदारी कायद्याचं कलम ३७ त्यांना निवड देतं, त्या पैशाने कमावलेल्या नफ्यातला वाटा घ्या किंवा वर्षाला ६ टक्के व्याज. हे व्याज वारसांच्या हाती ‘इतर स्रोतांचं उत्पन्न’, आणि वारस भागीदार नसल्याने त्याला १२ टक्क्यांची ती मर्यादा लागत नाही. टीडीएसही भागीदाराच्या कलम १९४ टी खाली नाही, तर साध्या व्याजाच्या १९४ ए खाली. परतफेड मात्र रोख करू नका. वीस हजार आणि पुढच्या कर्ज-ठेवींची रोख परतफेड करायला मनाई आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा. काही डीडमध्ये मृताच्या पत्नीला ठरावीक वर्षं नफ्याचा हिस्सा देण्याचं कलम असतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९७७ मध्ये क्रॉफर्ड बेली या सॉलिसिटर पेढीच्या प्रकरणात अशी रक्कम पेढीच्या उत्पन्नात धरायची नाही, ती आधीच वळती झालेली असते, असं ठरवलं. पण हा लाभ डीडमधल्या बंधनकारक कलमामुळे मिळतो. मागून माणुसकीने देऊ केलेल्या पैशाला तो नाही.

पेढीने दादांच्या आयुष्यावर ‘कीमॅन’ पॉलिसी घेतली असेल तर ती रक्कम पेढीचं करपात्र उत्पन्न आहे. विम्याचे पैसे म्हणजे करमुक्त, ही समजूत इथे फसवते.

गेलेल्याचं रिटर्न आणि येणारी नोटीस

दादांचं स्वतःचं रिटर्नही भरायचंय, १ एप्रिल ते १४ नोव्हेंबर. त्यात वेतन आणि व्याज धंद्याचं उत्पन्न म्हणून येतील, १९४ टी खाली कापलेला दहा टक्के टीडीएस तिथेच वळता होईल. साडेसात महिन्यांचं उत्पन्न असलं तरी करमुक्त टप्पा पूर्ण वर्षाचा मिळतो, तो कापला जात नाही. हे रिटर्न वारसाने भरायचं. त्यासाठी आयकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी लागते. मृत्यू दाखला, दोघांचे पॅन आणि वारसाचा पुरावा लागतो. वारस दाखल्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी करून ठेवा.

वारसांची जबाबदारी किती? कलम १८८ ए आणि विसर्जित पेढीसाठी १८९ प्रमाणे, दादा भागीदार होते त्या वर्षांच्या पेढीच्या कराला बाकीच्या भागीदारांसोबत दादांचे वारसही जबाबदार आहेत. पण वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती, कलम १५९. स्वतःच्या पगारातून त्याने ती भरायची नाही. कर बाकी असताना वारशाची मालमत्ता विकून टाकली तर मात्र तेवढ्या किमतीपुरता तो व्यक्तिशः अडकतो. मृत्यूनंतरच्या व्यवहारांना दादांची मालमत्ता बांधील नाही, हे भागीदारी कायदा कलम ३५ मध्ये सांगतो. धंदाच बंद करणार असाल तर कलम १७६ प्रमाणे १५ दिवसांत आयकर अधिकाऱ्याला कळवा. नोंदणीकृत पेढी असेल तर भागीदारी संस्था निबंधकाकडेही बदल नोंदवा.

एलएलपीची गोष्ट वेगळी. तिथे भागीदार गेल्याने संस्था मोडत नाही, पॅन तोच, आणि एकटा उरलेला भागीदार सहा महिन्यांत दुसरा आणू शकतो. वारसाला भांडवल आणि साठलेला नफा मिळतो. पण कलम ४५ (४) आणि ९ बी तिथेही आहेत.

आता एक बारीक, पण सगळं अडवून धरणारी बाब. बहुतेक पेढ्यांत आयकर, जीएसटी आणि टीडीएसच्या पोर्टलवर मोबाइल नंबर आणि डिजिटल सही थोरल्या भागीदाराची असते. ती वापरून नोव्हेंबरनंतर रिटर्न भरलेली मी पाहिली आहेत. मेलेल्या माणसाच्या सहीने भरलेलं रिटर्न हे रिटर्नच नव्हे. व्यवस्थापकीय भागीदार सही करू शकत नसेल तर कोणताही सज्ञान भागीदार करू शकतो, कलम १४० ती सोय देतं. तेव्हा दादांचं सिम कार्ड बंद करू नका, पण त्यावर येणारा ओटीपी फक्त एवढ्यासाठी वापरा की पेढीचा प्रमुख संपर्क धाकट्या बंधूंच्या नावावर जाईल. मग ते बंद करा.